घरची शुश्रूषा आणि राज्याचें अंदाजपत्रक

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या परदेशस्थ धर्मबांधवांच्या मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें आजची संध्याकाळ परदेशस्थ मंडळींसाठीं राखून ठेविली, आणि विषयाची निवड मात्र आमच्यावर सोपविली. आपल्या देवळाच्या पन्नास वर्षांचा वृत्तांत इतर वक्त्यांनीं सांगितलाच आहे, व तो ह्या पुस्तिकेंत अन्यत्र छापलाही जाईल; त्याची पुनरुक्ति करण्यांत अर्थ नाहीं. गेल्या आठवड्यांत अमेरिकेहून आलेलीं तीन-चार कुटुंबें आम्हांस भेटून गेलीं. बोलण्यास सुरुवात कोठूनही होवो, तें शेवटीं एकाच गोष्टीपाशीं येऊन थांबे: तेथील राज्यांनीं मेडिकेड नामक योजनेंत चालविलेली काटछाट, आणि घरांत अपंग मूल अथवा अंथरुणास खिळलेलें माणूस ज्यांच्या वाट्यास आलें आहे त्यांची तिच्यामुळें उडालेली तारांबळ. म्हणून आज आम्ही त्याविषयींच बोलणार आहों.

विषय परक्या देशाच्या कायद्याचा आहे, व येथें बसलेल्या निम्म्या मंडळींस तो रुक्ष वाटेल, हें आम्ही जाणतों. तथापि आपल्या वसईकडील ज्या घरांतील मुली तिकडे इस्पितळांतून परिचारिकेचें काम करीत आहेत, ज्यांचे भाचे-पुतणे तेथें संसार थाटून बसले आहेत, त्यांना तो अगदींच परका नाहीं. आणि ज्यांनीं त्या देशाचें नागरिकत्व पत्करिलें आहे त्यांच्या हातीं तर मताचा अधिकार आहे. आमचें बोलणें मुख्यतः त्यांच्याकरितां आहे. इतरांनीं थोडें सोसून घ्यावें.

मेडिकेड म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. ३० जुलै १९६५ रोजीं राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांनीं मिसूरी राज्यांतील इंडिपेंडन्स ह्या गांवीं, माजी अध्यक्ष ट्रूमन ह्यांच्या समक्ष, एका कायद्यावर सही केली. त्या एकाच कायद्याच्या पोटीं दोन योजना जन्मास आल्या. मेडिकेअर ही मुख्यतः वृद्धांसाठीं, आणि ती मध्यवर्ती सरकारची. मेडिकेड ही गरिबांसाठीं व अपंगांसाठीं, आणि ती मध्यवर्ती सरकार व राज्यें ह्यांच्या भागीदारीची. नांवांतील साम्यामुळें आपल्याकडील माणसें ह्या दोहोंची नेहमीं गल्लत करतात. मेडिकेडचा खर्च साधारणतः किमान निम्मा मध्यवर्ती सरकार उचलतें, व राज्य गरीब असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. उरलेला भार राज्यानें आपल्या उत्पन्नांतून सोसावयाचा. योजना चालवावयाची मात्र राज्यानें. म्हणून तिचें रूप राज्यागणिक निराळें, आणि कित्येक ठिकाणीं नांवही निराळें. कॅलिफोर्नियांत तिला मेडिकॅल म्हणतात, मॅसॅच्युसेट्समध्यें मासहेल्थ, टेनेसींत टेनकेअर. आपण जिच्यावर विसंबून आहों ती योजना मेडिकेडच आहे, हें कित्येक कुटुंबांच्या ह्या नांवांमुळें ध्यानांतच येत नाहीं. मग वर्तमानपत्रांत मेडिकेडच्या काटछाटीचा मथळा दिसला तरी तो आपल्यासंबंधीं नव्हे असें समजून तीं पान उलटतात. सुमारें सात कोटी माणसें आज ह्या योजनेखालीं आहेत.

आतां ह्या कायद्यांतील एक खोंच नीट ध्यानांत घ्या, कारण सारें दुखणें तिच्यांत आहे. कांहीं सेवा राज्यांनीं पुरविल्याच पाहिजेत असें कायदा सांगतो. कांहीं पुरविणें न पुरविणें तो त्यांच्या मर्जीवर सोडतो. प्रौढ माणसाला नर्सिंग होममध्यें ठेवून केलेली शुश्रूषा पहिल्या वर्गांत मोडते. घरीं येऊन अंघोळ घालणारी, भरविणारी, कुशीवर वळविणारी बाई. घरच्या माणसाला चार तास झोंप मिळावी म्हणून येणारा बदली मदतनीस. अपंग तरुणाला दिवसा कामावर अथवा शिकावयास नेणारा सोबती. चाकांची खुर्ची आंत यावी म्हणून दाराशीं बांधलेला उतार: हें बहुतेक सारें दुसऱ्या वर्गांत. म्हणजे माणसाला संस्थेंत नेऊन ठेवणें हा हक्क, आणि घरीं ठेवणें ही सवलत! ज्या घरानें आपलें माणूस बाहेर पाठविलें त्याच्या पाठीशीं कायदा भक्कम उभा. ज्यानें तें उराशीं धरिलें त्याला मात्र दरवर्षीं अंदाजपत्रकाची धास्ती. राज्याची तिजोरी आटली कीं कारभारी साहजिकच जें कापण्याची मुभा आहे तेंच कापतात. त्यांच्या मनांत दुष्टावा असतोच असें नाहीं. बहुतेक सर्व राज्यांवर जमाखर्च समतोल ठेवण्याचें बंधन आहे, मध्यवर्ती सरकाराप्रमाणें त्यांना कर्ज काढून दिवस ढकलतां येत नाहींत, आणि कात्री चालविण्यासारखी जागा त्यांना हीच सांपडते.

ही विपरीतता साऱ्या राष्ट्राच्या नजरेस आणून दिली ती आयोवा राज्यांतील सीडर रॅपिड्स येथील एका लहान मुलीनें. केटी बेकेट तिचें नांव. १९७८ सालीं ती जन्मली. पांच महिन्यांची असतांना तिच्या मेंदूस दाह झाला. ती वांचली, परंतु श्वासासाठीं यंत्राची गरज राहिली, आणि तिचें सारें बाळपण इस्पितळांत जाऊं लागलें. पुढें डॉक्टर म्हणूं लागले कीं हिला घरीं नेतां येईल. आईबाप तर नेण्यास आतुरच होते. आड आला तो मेडिकेडचा नियम. मूल इस्पितळांत असेपर्यंत त्याचा खर्च मिळे. तें घरीं गेलें कीं आईबापांचें उत्पन्न हिशेबांत धरलें जाई आणि मदत थांबे. घरचा खर्च इस्पितळाच्या सुमारें सहाव्या हिश्शाइतका होता, तरी नियम तो नियम! १९८१ च्या नोव्हेंबरांत राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांनीं वार्ताहरांपुढें हें प्रकरण सांगून त्या नियमाचा जाहीर निषेध केला. तिला अपवाद म्हणून परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षीच्या नाताळापूर्वीं केटी आपल्या घरीं आली. त्याच वर्षीच्या कायद्यानें राज्यांना अशा माणसांसाठीं घरीं व समाजांत सेवा देण्याची विशेष मुभा मिळाली; १९८२ च्या कायद्यानें अपंग मुलांना आईबापांच्या उत्पन्नाकडे न पाहतां मेडिकेड देण्याची वाट खुली केली, आणि ती वाट अजूनही केटीच्याच नांवानें ओळखली जाते. केटी मोठी झाली, शिकली, अपंगांच्या बाजूनें बोलूं लागली, आणि २०१२ सालीं वयाच्या ३४ व्या वर्षीं निवर्तली.

रेगन हे सरकारी खर्चाचे मित्र म्हणून कोणासही ठाऊक नाहींत. ज्या वर्षीं त्यांनीं गरिबांच्या इतर अनेक योजनांवर कात्री चालविली त्याच वर्षांतील ही गोष्ट आहे. इतक्या काटकसरी माणसालाही हें दिसलें, कीं मूल घरीं असणें हें मुलाच्या हिताचें, आईच्या समाधानाचें आणि तिजोरीच्याही फायद्याचें आहे. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों, कारण हा प्रश्न एका पक्षाचा अथवा दुसऱ्या पक्षाचा अशी समजूत करून पुष्कळ भली माणसें त्यापासून दूर राहतात.

पुढें १९९० सालीं अपंगांविरुद्ध भेदभाव करण्यास बंदी करणारा कायदा त्या देशांत झाला, आणि २२ जून १९९९ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें जॉर्जिया राज्यांतील दोन स्त्रियांच्या दाव्यांत असा निर्णय दिला कीं, जो माणूस समाजांत राहूं शकतो, राहूं इच्छितो, आणि ज्याची तशी सोय करणें राज्याच्या आवांक्यांत आहे, त्याला विनाकारण संस्थेंत डांबून ठेवणें हाही भेदभावच होय. ऑल्मस्टेडचा निर्णय म्हणून तो प्रसिद्ध आहे. निर्णय झाला, पण पैसे कोठून यावयाचे हा प्रश्न उरलाच. घरच्या सेवेसाठीं आजही त्या देशांत सहा लाखांहून अधिक माणसें प्रतीक्षेच्या यादींत आहेत, आणि कित्येकांची पाळी येण्यास वर्षानुवर्षें लागतात. ज्यास उपाशी माणसास भाकरीचा हक्क देणें, पण भाकरी न देणें म्हणतात, तशांतला हा प्रकार.

येथवर कायद्याचें झालें. आतां एका घराचें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही अमेरिकेंतील एका धर्मग्रामांत सहा महिने बदली धर्मगुरु म्हणून राहिलों होतों, आणि महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं आजाऱ्यांस पवित्र कम्युनियन नेऊन देण्याचें काम आमच्याकडे असे. त्यांत एकोणीस वर्षांचा एक तरुण होता. जन्मतः मेंदूस इजा झालेली. बोलतां येत नसे, पण डोळ्यांनीं हो आणि नाहीं सांगे, व चुकीचें कांहीं बोललें तर हंसे. अन्न पोटांत बसविलेल्या नळीनें जाई. घशांत साचलेला कफ यंत्रानें ओढून काढावा लागे. अंगावर जखमा होऊं नयेत म्हणून रात्रीं दर दोन तासांनीं कूस बदलावी लागे. हें सारें त्याची आई करी. ती पूर्वीं एका पेढीवर नोकरीस होती; ती तिनें सोडली होती. राज्य तिला आठवड्याच्या कांहीं ठरावीक तासांचें वेतन देई, आणि ते तास मोजण्यासाठीं हातांतील फोनवर काम सुरू केल्याची व संपविल्याची खूण करावी लागे. ती खूण करतांना फोन एक सूर काढी. मुलगा त्या सुराची वाट पाही, आणि संध्याकाळीं तो वाजला कीं हंसे. कारण आईची पाळी संपली असें फोन म्हणे, आणि आई तर तेथेंच असे.

ह्या नवरा-बायकोंनीं अकरा वर्षांत रविवारची मिस्सा जोडीनें ऐकिली नव्हती. तो शनिवारीं संध्याकाळीं जाई, ती रविवारीं सकाळीं. मुलाला घेऊन जावयाचें तर कफ ओढण्याचें यंत्र, नळीचें सामान, बदलीचे कपडे अशी सारी तयारी, आणि वाटेंत श्वास अडकला तर काय हें भय. त्यांना एकत्र बसून प्रार्थना करतां यावी एवढ्यासाठीं आठवड्यांतून चार तास बदली मदतनीस मिळावा असा अर्ज तिनें केला होता. तो मंजूरही झाला होता. पण त्या पगारावर काम करण्यास माणूस मिळत नव्हता! घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या माणसाला त्या देशांत आजही ताशीं सुमारें सतरा डॉलर मिळतात. आणि दुकानांत माल लावणाऱ्याला कित्येक शहरीं तेवढेच अथवा अधिक मिळतात. दर ठरवितें राज्य. म्हणून राज्यानें दर कापला कीं सेवा कागदावर जिवंत राहते आणि घरांत मरते. अंदाजपत्रकावर टीका करणाऱ्यांच्याही हें सहसा लक्षांत येत नाहीं. योजना रद्द झाली तर ओरड होते; दर चार टक्क्यांनीं उतरला तर ती बातमी आंतल्या पानावर जाते.

असे शुश्रूषक त्या देशांत किती? २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें सहा कोटी तीस लाख माणसें आपल्या घरांतील अथवा नात्यांतील आजारी, वृद्ध वा अपंग माणसाची सेवा करतात. अशा विनामूल्य सेवेची किंमत २०२१ सालासाठीं ६०० अब्ज डॉलर धरण्यांत आली होती. पैशांत हिशेब करणें आम्हांस फारसें रुचत नाहीं. पण अंदाजपत्रक करणाऱ्यांस दुसरी भाषा समजत नाहीं, म्हणून तो आंकडा पाठ असावा. नर्सिंग होमचा एका माणसाचा वर्षाचा खर्च लाख डॉलरांच्या वर जातो. वरील आई एक दिवस आजारी पडली, तर तो खर्च राज्याच्याच माथीं यावयाचा.

आतां सध्यांच्या संकटाकडे वळूं. ४ जुलै २०२५ रोजीं त्या देशांत एक मोठा कायदा झाला. त्यामुळें दहा वर्षांत मेडिकेडवरील मध्यवर्ती सरकारचा खर्च सुमारें ९०० अब्ज डॉलरांनीं कमी होईल असा तेथील पार्लमेंटच्याच हिशेबनिसांचा अंदाज आहे. कायद्याचे कैवारी म्हणतात कीं आम्हीं अपंगांच्या सेवेवर हात टाकलेला नाहीं. अक्षरशः पाहतां तें बहुतांशीं खरें आहे. अपंगांच्या घरगुती सेवा बंद करा असें त्यांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. परंतु राज्यें इस्पितळें व तत्सम संस्थांवर कर बसवून आपल्या हिश्शाचा पैसा उभारीत असत, त्या कराची मर्यादा ज्या राज्यांनीं योजना विस्तारली आहे तेथें २०२८ पासून पायरीपायरीनें सहा टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांवर यावयाची आहे. प्रौढांच्या एका मोठ्या वर्गास, उशिरांत उशिरा १ जानेवारी २०२७ पासून, महिन्यास ऐंशीं तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागेल, आणि त्यांची पात्रता वर्षांतून दोनदां तपासली जाईल. अपंगाची सेवा करणाऱ्यास ह्यांतून सूट आहे. पण सूट आहे हें सिद्ध करण्याचे कागद भरावयाचे कोणीं? ज्याला रात्रीं दर दोन तासांनीं उठावें लागतें त्यानें! मुख्य गोष्ट अशी, कीं राज्याच्या तिजोरींत येणारा ओघ आटला म्हणजे कात्री कोठें चालते तें आम्ही वर सांगितलेंच आहे. वॉशिंग्टनमध्यें झालेला निर्णय घराच्या दाराशीं येतो तो राज्याच्या राजधानीवरून येतो.

आणि तो येऊं लागलाच आहे. आयडाहो राज्यानें २०२५ च्या सप्टेंबरापासून मेडिकेडचे दर सरसकट चार टक्क्यांनीं उतरविले. नॉर्थ कॅरोलिना राज्यानें १ ऑक्टोबर २०२५ पासून तीन ते दहा टक्के कपात लागू केली. तेथें कुटुंबें, डॉक्टर, संस्था सारेच उठले, न्यायालयांत दावे गेले, आणि डिसेंबरांत गव्हर्नरांनीं ती कपात मागें घेतली. ह्यांतील शेवटचें वाक्य विसरूं नका.

इंडियाना राज्याची हकीकत तर ह्या कायद्याच्याही आधींची आहे, आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. २०२३ च्या डिसेंबरांत तेथील अधिकाऱ्यांना आढळलें कीं मेडिकेडच्या खर्चाचा आपला अंदाज सुमारें ९८ कोटी ४० लाख डॉलरांनीं चुकला आहे. हिशेब चुकला कचेरींत; त्याची भरपाई कोणाकडून करावयाची? जानेवारींत जाहीर झालें कीं, अत्यंत आजारी मुलांची शुश्रूषा करणाऱ्या आईबापांस ताशीं जें वेतन मिळत होतें तें १ जुलै २०२४ पासून मिळणार नाहीं. त्यांना दुसऱ्या एका योजनेंत जावें लागेल, जींत ताशीं वेतनाऐवजीं दिवसाची ठरावीक रक्कम मिळते. ज्यांच्या मुलांना चोवीस तास जागतें माणूस लागतें अशा कित्येक घरांचें उत्पन्न त्यामुळें एकदम खालीं आलें. परिचारिका ठेवा म्हणावें, तर मिळत नाहींत. आईनें बाहेर नोकरी धरावी, तर मुलाजवळ कोण? ह्या आया आपल्या मुलांना चाकांच्या खुर्च्यांत बसवून, श्वासाचीं यंत्रें बरोबर घेऊन इंडियानापोलिस येथील राजभवनांत जाऊन उभ्या राहिल्या, आणि श्वासयंत्रावर असलेल्या मुलांच्या बाजूनें न्यायालयांतही दाद मागण्यांत आली.

ह्या बाबतींत दोन आक्षेप नेहमीं ऐकूं येतात, आणि ते अगदींच टाकाऊ नाहींत. पहिला लबाडीचा. मिनेसोटा राज्यांत अपंग व वृद्ध माणसांना राहतें घर मिळवून देण्यासाठीं असलेली एक मेडिकेड-योजना, खोटीं बिलें करणाऱ्यांनीं तिची लूट चालविल्यामुळें, २०२५ सालीं बंद करण्यांत आली. चोरी ही चोरीच; आणि गरिबाच्या नांवानें केलेली चोरी ही दुप्पट पाप आहे असें आम्ही मानतों. परंतु ती चोरी केली बिलें करणाऱ्या कंपन्यांनीं. मदत बंद झाली ती ज्यांच्या नांवानें बिलें निघालीं त्यांची. धान्याच्या कोठारांत उंदीर शिरले तर उंदीर मारावे, कोठारास आग लावूं नये. ज्या आईला आंघोळीच्या वेळचीही खूण फोनवर करावी लागते तिच्यावर आणखी किती पहारा ठेवणार?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो आपल्याच माणसांच्या तोंडून आम्हीं अधिक ऐकिला आहे. आपल्या पोटच्या पोराची सेवा करावयाची, आणि तिचे पैसे घ्यावयाचे? आमच्या आजीनें घेतले होते काय? ह्यास उत्तर असें. आजीनें पैसे घेतले नाहींत, कारण आजीच्या घरांत दोन जावा होत्या, सासू होती, शेजारीण होती, आणि रात्रीं पाळी बदलावयास चार हात होते. अमेरिकेंतील त्या घरांत दोनच माणसें असतात, आणि त्यांपैकीं एकाला घराचें भाडें आणण्यास बाहेर जावेंच लागतें. वेतन तें प्रेमाचें नव्हे. प्रेम तिनें पूर्वींच फुकट दिलें आहे. जी नोकरी तिनें सोडली, जें काम परक्या माणसानें केलें असतें तर राज्यास त्याचे पैसे मोजावेच लागले असते, त्या कामाचें तें वेतन आहे. आणि खरें सांगावयाचें तर आजीची कंबर चाळिसाव्या वर्षीं वांकली होती; तिचें कौतुक करणारांपैकीं कितीजण तिचें ओझें धरावयास गेले होते हा प्रश्नच आहे.

कांहीं सुशिक्षित मंडळी ह्या आक्षेपास धर्माचा आधार देऊं पाहतात. पोपमहाराज अकरावे पायस ह्यांनीं १९३१ सालच्या आपल्या परिपत्रकांत असें शिकविलें आहे कीं, जें काम लहान घटकास, म्हणजे कुटुंबास अथवा गांवास, करतां येतें तें मोठ्या घटकानें, म्हणजे सरकारनें, हिरावून घेऊं नये. तेव्हां सरकारनें बाजूस व्हावें हेंच धर्मास धरून नव्हे काय, असें हे विचारतात. सेमिनरींत आम्हांस हें परिपत्रक शिकविणाऱ्या गुरूंनीं त्यांतील मुख्य शब्दाचा लॅटिन अर्थ प्रथम पाठ करून घेतला होता. सुब्सिदियुम म्हणजे मदत, पाठीमागून येणारी कुमक. मोठ्यानें लहानाचें काम बळकावूं नये, हा त्या शिकवणीचा अर्धा भाग. लहान घटक स्वतःच्या बळावर पुरा पडत नसेल तर मोठ्यानें त्याला आधार द्यावा, हा उरलेला अर्धा. नर्सिंग होमचा खर्च देणें पण आईस चार तासांची विश्रांति न देणें, ह्यांत मोठा घटक कुटुंबाचें काम मोडून आपल्या हातीं घेतो आणि वर त्यास काटकसर म्हणतो. ही शिकवण पाळावयाची असेल तर घरच्या सेवेचाच पैसा शेवटीं कापला पाहिजे, सर्वांच्या शेवटीं. अमेरिकेंतील बिशपांच्या परिषदेनें २०२५ च्या कायद्यांतील मेडिकेडच्या काटछाटीस उघड विरोध केला. त्याच परिषदेची त्या सरकारच्या इतर कांहीं धोरणांस अनुकूलता होती, म्हणजे हा विरोध पक्षाभिमानाचा नव्हता. तेथील कॅथोलिक इस्पितळांच्या संघानेंही तसेंच केलें. त्या देशांत इस्पितळांत राहणाऱ्या दर सातांपैकीं सुमारें एक रोगी कॅथोलिक इस्पितळांत असतो, तेव्हां त्यांचें म्हणणें ऐकीव नव्हे.

आपल्या देशाविषयीं दोनच शब्द. अपंगांच्या हक्कांचा जो कायदा आपल्याकडे २०१६ सालीं झाला, त्यांत मोठ्या आधाराची गरज असणाऱ्या माणसासाठीं शुश्रूषेच्या भत्त्याचा उल्लेख आहे. सरकारी कागदांत आतां अशा माणसांस दिव्यांग म्हणतात. ह्या धर्मग्रामांत अशीं घरें आहेत, हें आम्ही घरोघर आशीर्वादास जातों तेव्हां पाहतों. त्यांच्यासाठीं काय करतां येईल ह्याचा विचार महोत्सवानंतरच्या सभेंत स्वतंत्रपणें करूं. आज तो विषय मिसळीत नाहीं.

आतां परदेशस्थांनीं काय करावें तें सांगतों. पहिली गोष्ट, आपल्या राज्यांत ह्या योजनेस काय नांव आहे, आणि घरच्या सेवांपैकीं कोणत्या तेथें मिळतात, हें माहीत करून घ्यावें. स्वतःस गरज नसली तरी शेजाऱ्यास असेल. येथून वृद्ध आईवडिलांस तिकडे नेऊं पाहणारांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, १९९६ च्या कायद्याप्रमाणें ग्रीन कार्ड हातीं आल्यावरही बहुतेक प्रौढांस पांच वर्षें मेडिकेड मिळत नाहीं. हें विमानाचें तिकीट काढण्यापूर्वीं कळलेलें बरें.

दुसरें, राज्याचें वर्ष केव्हां सुरू होतें तें पाहावें. पन्नासांपैकीं शेहेचाळीस राज्यांचें आर्थिक वर्ष १ जुलैस सुरू होतें, आणि बहुतेकांचीं कायदेमंडळें जानेवारींत भरतात. म्हणजे बोलावयाचे महिने जानेवारी ते मे. जूनमध्यें लिहिलेलें पत्र बहुधा वाया जातें. समित्यांपुढें साध्या नागरिकासही बोलूं देतात, पण वेळ दोन-तीन मिनिटांचा असतो. त्यांत तत्त्वज्ञान सांगूं नये. आपल्या घरांत रात्रीं कोण उठतें, किती वेळां उठतें, मदत थांबली तर कोणती नोकरी सुटेल, आणि माणूस संस्थेंत गेलें तर राज्यास काय खर्च येईल, एवढें सांगावें व खालीं बसावें. इंडियानांतील आयांनीं दुसरें कांहीं केलें नव्हतें.

तिसरें, ह्या सेवांच्या नियमांत मोठा बदल करावयाचा असेल तर राज्यानें निदान तीस दिवस आधीं तो प्रसिद्ध करून लोकांचीं मतें घेतलीं पाहिजेत असा मध्यवर्ती सरकारचा नियम आहे. ही सूचना राज्याच्या खात्याच्या कुठल्याशा कोपऱ्यांत लागते आणि कोणी वाचीत नाहीं. आपल्यापैकीं ज्या परिचारिका आहेत, ज्यांना ह्या कामाची परिभाषा समजते, त्यांनीं ती वाचून आपल्या देवळांतील इतरांस साध्या शब्दांत सांगावी. इंग्रजी चांगलें येत नाहीं म्हणून कोणी मागें राहूं नये. लेखी मत कितीही साधें असलें तरी तें दप्तरीं दाखल होतें. ज्यांना अद्याप मताचा अधिकार नाहीं, त्यांनाही आपलें मत लिहून पाठविण्यास आडकाठी नाहीं.

उद्यां रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या लहान दालनांत टेबलें मांडून ठेविलेलीं असतील, आणि तरुण संघाचीं तीन-चार मुलें संगणक घेऊन बसतील. ज्यांना आपल्या राज्याच्या प्रतिनिधीस पत्र लिहावयाचें असेल त्यांनीं तेथें यावें. प्रतिनिधीचें नांव ठाऊक नसल्यास चालेल, तें मुलें शोधून देतील. मात्र आपल्या तिकडच्या घराचा पुरता पत्ता, आणि विशेषतः ज्याला तेथें झिप कोड म्हणतात तो आंकडा, बरोबर लिहून आणावा.